बारा वर्षं शिकवूनही वर्गात छातीत धस्स होतं, तेव्हा

प्रश्न एका भाषाशिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: “मी बारा वर्षं परकी भाषा शिकवते. दरवर्षी एक-दोन कार्यशाळा होतात, तिथून भरपूर उत्साह घेऊन येते आणि पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वर्गात कोणी अचानक एखादा शब्द विचारला की अजूनही छातीत धस्स होतं. आणि आताशा विद्यार्थी चुकले तरी मला काहीच वाटत नाही, याची जास्त भीती वाटते. मी आळशी झाले आहे, थकले आहे, की मला मुळात शिकवताच येत नाही?”

तुम्ही तिन्ही गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. मी सव्वीस वर्षं या कामात आहे. आधी जर्मन शिकवलं, मग मराठी न येणाऱ्या प्रौढांना मराठी, आणि गेली बरीच वर्षं भाषाशिक्षकांबरोबर काम करतो. आळस हा शब्द आधी काढून टाका. आळशी माणूस बाराव्या वर्षी हा प्रश्न लिहायला बसत नाही.

छातीत धस्स होण्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकीचं पुष्कळसं तिथून सुरू होतं.

गणिताच्या शिक्षकाला एखादं उदाहरण अडलं तर तो फळ्याकडे वळून विचार करू शकतो. त्याची अडचण फळ्यावर असते. आपली अडचण तोंडात असते. आपण जे शिकवतो तेच आपलं बोलण्याचं साधन असतं, त्यामुळे तोंड उघडलं की परीक्षा सुरू. शिवाय परक्या भाषेत बोलताना माणूस नेहमीपेक्षा थोडा लहान होतो. विनोद सुचत नाही, रागावताना शब्द सापडत नाहीत. ज्या माणसाला वर्गासमोर अधिकाराने उभं राहायचं आहे, त्याला हे रोज सोसावं लागतं. एलेन हॉर्विट्झ यांनी १९८६ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर परकी भाषा शिकणाऱ्यांची वर्गातली धास्ती मोजायची ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली; ती आजही जगभर वापरली जाते. त्याच बाईंनी दहा वर्षांनी शिक्षकांकडे मोर्चा वळवला आणि सरळ लिहिलं की ही धास्ती शिकवणाऱ्यांनाही असते. शिक्षक स्वतःला शिकणारा मानत नाही, म्हणून तो ती कोणाला सांगत नाही, एवढाच फरक.

माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. शरीर आणि कपड्यांचे शब्द चालले होते. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने चष्मा काढला, त्याची दांडी धरली आणि विचारलं, “याला जर्मनमध्ये काय म्हणतात?” मला माहीत नव्हतं. “तो शब्द पुढच्या पाठात येतो,” असं मी म्हणालो. तो कुठल्याच पाठात येत नव्हता. तिने मान डोलावून चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. घरी जाऊन शब्दकोश काढला: ब्रिलेनब्यूगेल. तो मला आजही विसरता येत नाही. पण खरं नुकसान त्या एका खोट्याने झालं नाही. पुढचे कित्येक महिने मी वर्गात असे प्रश्न येणारच नाहीत अशी व्यवस्था केली. गप्पा कमी केल्या, पुस्तकातली रिकाम्या जागा भरण्याची कामं वाढवली, जर्मनमध्ये बोलायच्या जागी जर्मनविषयी मराठीत बोलू लागलो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, काय शिस्तीत चालतो याचा वर्ग! प्रत्यक्षात मी भीतीभोवती भिंत बांधत होतो आणि मुलांना बोलायला जागाच उरली नव्हती.

तुमच्या वर्गात असं काही झालं आहे का, ते नीट आठवून पाहा. कोणते उपक्रम तुम्ही हल्ली टाळता? त्यातले किती विद्यार्थ्यांना जमत नाहीत म्हणून टाळता आणि किती तुम्हाला जोखमीचे वाटतात म्हणून?

यावर उपाय दोन. पहिला वर्गातला. “मला माहीत नाही” हे वाक्य त्या परक्या भाषेत म्हणायचं आणि त्याच्यामागे ठरलेली कृती ठेवायची. मी फळ्याचा उजवा कोपरा त्यासाठी राखला. अडलेला शब्द तिथे लिहायचा, एका विद्यार्थ्याने शोधून आणायचा, पुढच्या तासाची सुरुवात त्याने. दोन महिन्यांत मुलं स्वतःहून त्या कोपऱ्यात भर घालू लागली. तिथे मी त्यांना एक महत्त्वाची गोष्टही शिकवत होतो: शब्द न येता संभाषण पुढे कसं न्यायचं, वर्णन करून कसं विचारायचं. भाषा वापरणाऱ्याला हे आयुष्यभर लागतं.

दुसरा उपाय वर्गाबाहेरचा, आणि याबद्दल मी आग्रही आहे. स्वतःच्या भाषेची मशागत वेगळी ठेवा. पहिलीच्या पातळीचं बारा वर्षं बोलत राहिलं की आपली भाषाही हळूहळू त्या पातळीवर उतरते, कारण दिवसभर कानावर पडतं ते विद्यार्थ्यांचं चुकतमाकतच. व्यावसायिक विकासाच्या नावाखाली अध्यापनपद्धतीवर ढीगभर व्याख्यानं होतात. शिक्षकाची भाषा वाढावी म्हणून फार थोडे लोक वेळ देतात. आठवड्यातून एक तास तुमच्याहून चांगलं बोलणाऱ्या माणसाशी बोला. अध्यापनाशी काहीही संबंध नसलेला मजकूर वाचा, ऐका. हा तास टाचणासाठी वापरायचा नाही.

आणि ती भाषा आपली मातृभाषा नाही याची खंत असेल, तर पेतेर मेज्येश या हंगेरियन अभ्यासकाने १९९०च्या दशकात मांडलेलं लक्षात ठेवा. ते स्वतः इंग्रजी शिकवणारे, इंग्रजी मातृभाषा नसलेले. त्यांचं म्हणणं असं, की जो शिक्षक ती वाट स्वतः चालून आला आहे त्याला खड्डे कुठे आहेत ते आधीच दिसतं, तो समजावून सांगू शकतो, आणि असाही एक माणूस शिकू शकतो याचा चालता-बोलता पुरावा तोच असतो. भाषेच्या सफाईत आपण कमी पडतो, हे त्यांनी लपवलं नाही. मला म्हणूनच त्यांचं म्हणणं पटतं.

आता कार्यशाळांबद्दल. तिथे ऐकलेलं पंधरा दिवसांत का ओसरतं?

डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक हिशेब मांडला: शाळा संपेपर्यंत एक विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या समोर बसलेला असतो. म्हणजे शिक्षक होण्याआधीच आपण हजारो तास उमेदवारी केलेली असते, तीही फक्त बाकावरून बघून. शिक्षक काय करतो ते दिसलं, तो तसं का करतो ते कधीच दिसलं नाही. गडबडीच्या दिवशी, शेवटच्या तासाला, वर्ग हाताबाहेर जातोय असं वाटलं की आपल्या तोंडून जे वाक्य निघतं ते आपल्याच एखाद्या जुन्या बाईंचं असतं. त्या १३,००० तासांसमोर दोन दिवसांची कार्यशाळा किती पुरणार? तुम्ही मागे घसरत नाही, तुम्ही फक्त खोलवर मुरलेल्या सवयीकडे परतता.

दुसरं कारण जास्त उपयोगाचं आहे. बहुतेक प्रशिक्षणांचा हिशेब असा असतो: आधी शिक्षकाचं मत बदलू, मग त्याचं शिकवणं बदलेल, मग विद्यार्थ्यांत फरक पडेल. थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये हा क्रम उलटा लावला. शिक्षक आधी काहीतरी लहानसं वेगळं करून पाहतो, विद्यार्थ्यांत फरक डोळ्यांना दिसतो, आणि त्यानंतर त्याचं मत बदलतं. माझा सगळा अनुभव याच बाजूचा आहे. भाषणाने पटलेला शिक्षक मी क्वचितच पाहिला; आपल्याच वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाने तोंड उघडल्यावर पटलेले पुष्कळ पाहिले. अल्बर्ट बांडुरा यांनी स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कशातून येतो ते १९७७ मध्ये मांडलं, त्यातही सगळ्यात भक्कम स्रोत हाच होता: आपण स्वतः करून आपल्याला जमलं. दुसऱ्याने केलेलं कौतुक त्याच्या बरंच खाली येतं. तेव्हा कार्यशाळेतून येताना दहा कल्पना आणू नका. एक आणा, आणि तीही तुमच्या वर्गातल्या खऱ्या गरजेला जुळणारी.

ती गरज कोणती, हे कळणार कसं? यासाठी मला एकच खात्रीचा मार्ग माहीत आहे. स्वतःच्या तासातली दहा मिनिटं फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यातली तीन-चार मिनिटं शब्दन् शब्द कागदावर उतरवा. ते फक्त स्वतःसाठी, आणि वर्गाला आधी सांगून.

नुसतं ऐकून चालत नाही, उतरवूनच काढावं लागतं. का, ते एका कागदावरून दाखवतो. मराठी शिकवणाऱ्या माझ्या एका सहकारी बाईंनी प्रौढांच्या वर्गातला हा तुकडा उतरवला होता.

विद्यार्थी: माझा पुस्तक घरी राहिला.
शिक्षिका: अरे, तुमचं पुस्तक घरी राहिलं का? बरं, शेजारी बघा त्यांच्यात.
विद्यार्थी: हो.

बाईंची ठाम समजूत होती की त्या प्रत्येक चूक सुधारतात. आणि त्या खरंच सुधारत होत्या! ‘तुमचं पुस्तक राहिलं’ हे बरोबर रूप त्यांनी दिलं होतं. पण विद्यार्थ्याच्या कानाला तो फक्त पुस्तकाविषयीचा प्रश्न वाटला आणि त्याने त्याचं उत्तर दिलं: हो. चार मिनिटांत असे सात प्रसंग निघाले. सातही वेळा बरोबर रूप बाईंच्या तोंडी होतं, विद्यार्थ्याच्या तोंडी एकदाही नाही.

हे त्यांच्या एकटीचं नव्हतं. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या सुधारणांपैकी ५५ टक्के अशा होत्या, म्हणजे चुकीचं वाक्य सहज बरोबर करून परत म्हणणं. विद्यार्थ्यांनी त्यातल्या ३१ टक्के वेळाच सुधारणेची काही दखल घेतली. उलट शिक्षकाने वाक्य अर्धवट सोडून विद्यार्थ्याकडूनच काढून घेतलं, तेव्हा दरवेळी प्रतिसाद आला. याचा अर्थ सहज बरोबर करून म्हणणं टाकाऊ आहे असा नाही; गप्पांचा ओघ मोडायचा नसेल तेव्हा मी तेच करतो. फक्त आपण सुधारलं म्हणजे तो शिकला, हे समीकरण डोक्यातून काढायला हवं.

बाईंनी त्यानंतर एकच बदल केला. लिंगाची चूक झाली की, “तो पुस्तक, की ते पुस्तक?” एवढं विचारायचं आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात कठीण गेलं. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत १९७०च्या दशकात मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतो. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागतात. परक्या भाषेत तर विद्यार्थ्याला अर्थ लावायचा असतो, शब्द शोधायचा असतो, प्रत्यय जुळवायचा असतो. एका सेकंदात काय होणार? पण त्या तीन सेकंदांत शिक्षकाच्या पोटात गोळा येतो. शांतता म्हणजे तास फसला, असं आपल्याला आतून वाटत असतं. बाई फळ्याच्या कडेला बोट टेकवून मनात तीन आकडे मोजायच्या. तिसऱ्या आठवड्यातल्या कागदावर हे होतं:

विद्यार्थी: माझा वही... माझी. माझी वही संपली.

कोणी विचारलं नव्हतं. तो स्वतःच थांबला, स्वतःच दुरुस्त झाला. बाईंनी तो कागद मला दाखवला तेव्हा त्यांना काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, की विद्यार्थी चुकले तरी काहीच वाटत नाही. इथे मी सावध होतो.

क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये सहकाऱ्याबरोबर काम करून करून आतून रितं होण्याचं मोजमाप तयार केलं. त्यात तीन भाग आहेत: भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. तुमच्या पत्रात तिन्हींच्या खुणा आहेत. कोरडेपणा हा स्वभावदोष नसतो. रोज तीसजणांशी उत्साहाने, हसून, त्याच त्या चुकीला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायचं, हे अंगमेहनतीसारखंच काम आहे. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये त्याला भावनिक श्रम म्हटलं. आत काही नसताना चेहऱ्यावर आणणं सगळ्यात जास्त दमवतं. त्या दमणुकीवर मन कातडी जाड करून घेतं. फिलिप हायव्हर आणि झोल्टान डॉर्न्ये यांनी भाषाशिक्षकांच्या बाबतीत याला प्रतिकारशक्तीची उपमा दिली. ती हवीच, नाहीतर हा पेशा टिकवता येत नाही. पण तीच उलटली की नवं काही आत शिरू देत नाही. “हे आमच्या विद्यार्थ्यांना जमणार नाही” हे वाक्य तुमच्या तोंडी वारंवार येत असेल, तर कातडी गरजेपेक्षा जाड झाली असं समजा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा रितेपणाचं वर्णन करताना तो कामाशी निगडित प्रकार मानला, आजार नाही. त्याचं मूळ न आवरलेल्या कामाच्या ताणात आहे असं म्हटलं. याचा सरळ अर्थ असा, की उपायही आधी कामात शोधायचा. रितेपण आलेल्या शिक्षकावर आणखी एक प्रशिक्षण लादणं मला चुकीचं वाटतं. आधी काहीतरी कमी करा. भाषाशिक्षकाकडे कमी करण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वह्या. प्रत्येक निबंधातली प्रत्येक चूक लाल करणं थांबवा. या वेळी फक्त क्रियापदाचा काळ तपासणार, असं वर्गाला आधी सांगा आणि तेवढंच तपासा; बाकी मजकूर वाचक म्हणून वाचा आणि खाली एक खरी ओळ लिहा, त्याने जे सांगितलं त्याविषयी. वेळ निम्म्यावर येतो. त्याहून महत्त्वाचं, विद्यार्थी पुन्हा माणूस म्हणून दिसायला लागतात, कारण चुका मोजताना त्यांचं म्हणणं आपण वाचतच नाही.

झोप गेली असेल, सुट्टीतही जीव हलका होत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर हे उत्तर पुरेसं नाही. तेव्हा डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा, आणि हे वर्गाचं सगळं नंतर.

शेवटची एक गोष्ट. हे एकट्याने करू नका, पण वरिष्ठांबरोबरही करू नका. पाठनिरीक्षणाला कोणी मागे वही घेऊन बसलं की आपण सादरीकरण करतो, शोध घेत नाही. आपल्याच पातळीवरचा एक सहकारी निवडा. ज्युलियन एज यांची १९९२ची एक पद्धत मी वर्षानुवर्षं वापरतो: एकाने आपल्या वर्गाबद्दल बोलायचं, दुसऱ्याने फक्त समजून घ्यायचं आणि आपल्याला काय समजलं ते परत सांगायचं. सल्ला द्यायचा नाही, ‘माझ्याही वर्गात असंच होतं’ म्हणायचं नाही. वीस मिनिटांनी भूमिका बदलायच्या. पहिल्यांदा ते फार कृत्रिम वाटतं, दुसऱ्याची जीभ सल्ला द्यायला वळवळते. पण आपलं म्हणणं कोणी न अडवता ऐकलं की बोलता बोलता आपल्यालाच गाठ कुठे बसली आहे ते सापडतं. डिक ऑलराइट यांनी रिओ दी जानेरोतल्या भाषाशिक्षकांबरोबर काम करताना ‘समस्या’ऐवजी ‘कोडं’ म्हणायची सवय लावली. ‘माझे विद्यार्थी बोलत नाहीत’ असं म्हणण्याऐवजी ‘माझे विद्यार्थी जोडीत बोलतात आणि सगळ्यांसमोर का गप्प होतात?’ असं विचारलं, तर ते विद्यार्थ्यांनाही विचारता येतं. त्यांची उत्तरं बहुधा आपल्या अंदाजापेक्षा वेगळी निघतात.

तर या आठवड्यात एवढंच करा. ज्या वर्गात तुम्हाला सगळ्यात कमी धास्ती वाटते तो निवडा, तासाच्या मधली दहा मिनिटं मुद्रित करा आणि त्याच संध्याकाळी बसा. पहिली दोन मिनिटं स्वतःचा आवाज नकोसा वाटेल, उच्चारातली प्रत्येक चूक टोचेल. ती दोन मिनिटं सोडून द्या. तिसऱ्या मिनिटापासून लिहायला घ्या, आणि तुमच्या प्रश्नानंतर पुढचा आवाज कोणाचा आहे, तुमचा की त्यांचा, तिथे पेन्सिलीने खूण करत जा.